सगळ्यात लहान नाणं

बोईसर
रविवार, १२ जुलै १९८७

ताई,

पत्राच्या माथ्यावर 'प्रभूच्या नावाने सलाम' लिहायची आपल्या घरची रीत. दोन वर्षं चार महिन्यांनी लिहिताना तेवढं लिहून मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून तशीच सुरुवात करते.

मी बी.ए. झाले. सेकंड क्लास मिळाला. तुला कळवणं भाग होतं, कारण अकरावीपासून एफ.वाय.पर्यंतची फी तू औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरून दिलीस. पुढची दोन वर्षं मी शिकवण्या करून भागवली. निकालाच्या दिवशी बाबांनी तारापूरच्या कॉलनीत पेढे वाटले. ते अजून तिथेच माळी आहेत. एका साहेबांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" बाबा म्हणाले, "एक मुलगी." हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं. आईने ऐकलं आणि भाताचं पाणी ओतायला उठली.

तुला नोव्हेंबरात मुलगी झाली हे मला गेल्या महिन्यात कळलं. मी बाजारात सुकट घेत होते. विकणाऱ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भगवंत माळ्याची धाकटी ना तू? नाक तेच हाय."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या घरात रोज दिसतं ते नाक."

त्या तुझ्या सासूबाई, जमनाबाई. मी वाटा उचलला तर त्यांनी वर दोन मुठी घातल्या आणि म्हणाल्या, "पोरगी झालीय, सात महिन्यांची हाय. आजीला सांग, बघायला ये. का तुमच्यात आजी नसते?"

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने एकच विचारलं, "डोक्यावर केस आहेत का?" मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन विचारून आले. आहेत, कुरळे आहेत, असं सांगितल्यावर आईने मान हलवली.

तू गेलीस त्या दिवशी बाबा म्हणाले होते, या घरातलं पाऊल मुरब्याला पडणार नाही. ते त्यांनी मागे घेतलेलं नाही. आणि आईला तू ओळखतेस, ती चोरून येणार नाही. तुझं मुरबं इथून एस.टी.ने तासाभराचं. मी ठरवलं आहे की नाताळापर्यंत आई तुझी मुलगी बघेल, आणि बाबांच्या होकाराने बघेल. कसं ते अजून मला माहीत नाही.

दुसरी बातमी म्हणजे मला भगिनी मंडळाची चिटणीस केलं आहे. आपल्या चर्चच्या मंडळीत शिकलेली बाई म्हणून. माझं मुख्य काम आहे लहान नाण्याचं अर्पण. तू इथे होतीस तेव्हा ते नुकतंच सुरू झालं होतं आणि तू मनावर घेतलं नव्हतंस, म्हणून लिहिते. प्रत्येक बाईच्या घरी एक डबा. कोणी आपल्याला दुखवलं, कोणाचा राग आला, की त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि चलनातलं सगळ्यात लहान नाणं डब्यात टाकायचं. आपल्याकडे म्हणजे पाच पैसे. बंगलेवालीने पाच आणि मोलकरणीने पण पाच, जास्त टाकायचे नाहीत. वर्षातून एकदा, हंगामाच्या सणाच्या उपासनेत, डबे उघडायचे. आपल्याकडचं पालघरला जातं, तिथून पुढे, आणि शेवटी जगातल्या कुठल्या तरी अडलेल्या बायकांपर्यंत पोचतं. मला या कल्पनेत फार अर्थ वाटतो. पण गेल्या वर्षी आपल्या बावीस घरांतून मिळून एकतीस रुपये निघाले. पालघरच्या मंडळीने नव्वद पाठवले.

खजिनदार मंगलाबाई आहेत. तू जाताना त्यांच्याबद्दल जे बोललीस ते माझ्या लक्षात आहे. तो विषय मी इथे काढत नाही.

उत्तर लिहायचं नसेल तर सासूबाईंकडून निरोप दिलास तरी चालेल.

मंदा


बोईसर
बुधवार, १९ ऑगस्ट १९८७

ताई,

जमनाबाईंना विचारलं, पत्र मिळालं का. म्हणाल्या, "मिळालं. वाचलं, घडी घातली आन् बांगड्यांच्या डब्यात ठेवलं. बोलली काय नाय." मग मला म्हणाल्या, "तुझी बहीण भात बरा शिजवते. पापलेट कापायला दिलं तर अजून त्याच्या तोंडाकडं बघत बसते." तू घडी घातलीस हे मला पुरेसं आहे.

गेल्या रविवारी उपासनेनंतर भगिनी मंडळाची सभा घेतली. चौदा बायका होत्या. मी पुठ्ठ्यावर जगाचा नकाशा काढून नेला होता आणि छापील अहवालातून वाचून दाखवलं: एका ठिकाणी पुरात घरं गेलेल्या विधवांना शिलाई यंत्रं मिळाली, एका बेटावर बाळंतिणींसाठी दवाखाना उभा राहिला. जिथे जिथे नाणी पोचली तिथे मी लाल टिकली लावली होती.

डोंगराकडच्या पाड्यावरून येणाऱ्या तानीमावशी तुला आठवत असतील. त्या उठून नकाशाजवळ आल्या. "आन् आपलं बोईसर कुठं हाय?"

मी पेन्सिलीने ठिपका काढला.

"एवढंसं? मंग पाच पैसे बरोबर हायत."

सगळ्या हसल्या. मी म्हटलं की डबे फार हलके येतात, अर्पण वाढलं पाहिजे. त्यावर मावशी म्हणाल्या, "वाढवायचं म्हंजे भांडणं वाढवायची का गो पोरी?" पुन्हा हशा. मी समजावलं की भांडायचं नाही, पण मनात गिळून टाकतो ती दुखणी ओळखायची आणि एकेकासाठी प्रार्थना करायची. बोलताना मला स्वतःचं पटत होतं.

मग मंगलाबाई म्हणाल्या, "माणसं नाव वाचलं की देतात. सणाला पीक वाहतात तेव्हा बघ ना. कोणाची कोंबडी, कोणाचा भोपळा, पाळकसाहेब चर्चमध्ये पुढे उभे राहून नाव घेऊन सांगतात. म्हणून तर भोपळे एवढे येतात."

हे मला पटलं. मी सांगितलं की यंदा प्रत्येक डबा आधी मोजून, नावासह रक्कम उपासनेत वाचून दाखवू. पाळकीणबाई म्हणाल्या, "आजवर आपण चादरीत ओततो." तू पाहिलं नसशील. पुढे पांढरी चादर अंथरतात, बायका ओळीने येऊन डबे ओततात, मग चौघी चार कोपरे धरून चादर उचलतात आणि तशीच धरून प्रार्थना होते. दिसायला छान असतं. पण मी म्हटलं, चादरीत ओतलं की कोणी किती दिलं त्याची नोंद राहत नाही. पाळकीणबाई पुढे काही बोलल्या नाहीत. मी ती संमती धरली.

घरी आल्यावर आईला सांगितलं की चिटणिसाच्या घरचा डबा यंदा आलाच पाहिजे. गेली दोन वर्षं तिने डबा दिलाच नव्हता. पाळकीणबाई मागायला आल्या की म्हणायची, अजून भरला नाही. तिचा डबा म्हणजे कॉलनीतून बाबांनी आणलेला दूध पावडरचा मोठा डबा. झाकणाला बाबांनीच छिन्नीने फट पाडून दिली आहे.

आई म्हणाली, "देईन. पण मोजू नकोस."

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ती म्हणाली, "बरं."

मंदा


बोईसर
मंगळवार, १० नोव्हेंबर १९८७

ताई,

परवा हंगामाचा सण झाला. झालं तसं लिहिते.

एक तारखेला मी सगळे डबे गोळा केले आणि आठवडाभर मोजले. प्रत्येकीची नाणी कागदात बांधून वर नाव घातलं. आईचा डबा मी शेवटी घेतला. ओतला तर ताट भरून नाणी सतरंजीवर गेली. ॲल्युमिनियमची चौकोनी नाणी, एकेक फुंकरीने उडेल असं, पण डब्याचं वजन दीड किलोच्या घरात होतं. नऊशे साठ नाणी, म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये. रोज एक तर नसेल, म्हणून मी कॅलेंडरवर मागे मोजत गेले. सतरा मार्च पंचाऐंशीपासून एक नोव्हेंबर सत्त्याऐंशीपर्यंत, दोन्ही दिवस धरून, नऊशे साठ दिवस होतात. सतरा मार्च हा तू गेलीस तो रविवार. एकही दिवस चुकलेला नव्हता.

मला वाटलं, ही नाणी तुझी आहेत. तुझ्या जाण्याने तिला लागलं आणि ती रोज तुझ्यासाठी प्रार्थना करत राहिली. आणि हेही वाटलं की बाबांनी हे ऐकावं. घरात ऐकणार नाहीत, पण ते मंडळीचे पंच, चर्चमध्ये पंचांच्या बाकावर बसून ऐकावं लागेल, आणि मग त्यांचं मन वळेल. हे मी कोणाला सांगितलं नाही. यादीत आईचं नाव मी शेवटचं लिहिलं.

उपासनेत भात, भोपळे, नारळ, कोंबड्या सगळं अर्पण झालं. मग मी उभी राहिले आणि वाचू लागले. पहिली दोन नावं शांतपणे गेली. तिसरं मंगलाबाईंचं, सहा रुपये पंधरा पैसे. त्यांचे यजमान रामनाथ गुरुजी तीस वर्षं गणित शिकवत आले. ते सवयीने हळूच म्हणाले, "एकशे तेवीस." शेजारी मंगलाबाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं, "एकशे तेवीस काय? कोणाबद्दल?"

तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, आणि माझ्याही. पण माझ्या हातात यादी होती आणि मी थांबले नाही. आता प्रत्येक आकड्याला लोक मनात भागाकार करत होते. पाळकीणबाईंचे नऊ रुपये चाळीस पैसे वाचले तेव्हा सगळी मंडळी खाली बघू लागली, कारण पाळकीणबाईंना दुखवणार कोण, आपणच. तानीमावशींचे वीस पैसे. त्यांचा नवरा चिंधू खूश होऊन म्हणाला, "आमच्यात भांडान नाय." मावशी तिथूनच म्हणाल्या, "सुट्टे तेवढेच गावले."

त्यावर कोणी हसलं नाही. मी शेवटचं नाव वाचलं. नवसीबाई भगवंत, अठ्ठेचाळीस रुपये.

गुरुजींनी आकडा मोठ्याने म्हटला नाही, पण थोड्या वेळाने मागून कोणी तरी म्हटला. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी उपासना संगीताचं पुस्तक उघडलं आणि त्यात बघत राहिले. आई बायकांच्या बाजूला होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

तानीमावशी उठून पुढे आल्या. मी मांडलेल्या पुड्यांपैकी एक उचलली, कागद फाडला आणि रिकाम्या फरशीवर बघून म्हणाल्या, "चादर कुठं हाय?" पाळकीणबाईंनी कपाटातून चादर काढून अंथरली. दोघींनी मिळून एकेक पुडी फोडून ओतली. मी नावं घातलेले कागद मावशींनी चुरगाळून कमरेला खोचले. शेवटी दोन्ही हातांनी नाणी कालवली, पिठात मोहन कालवतात तशी, आणि मला म्हणाल्या, "आता सांग, कोनाचं कोनतं." मग चौघींनी कोपरे धरले. एक कोपरा मंगलाबाईंनी धरला. प्रार्थना झाली.

घरी आल्यावर बाबांनी चपला काढायच्या आधी आईला विचारलं, "नऊशे साठ वेळा दुखवलं मी तुला?"

आई म्हणाली, "तुमच्यासाठी नव्हते ते."

"मग कोणासाठी? त्या मुरबेवालीसाठी?"

"तिच्यासाठीपण नव्हते."

बाबांचा विश्वास बसला नाही. ते छाटणीची कात्री घेऊन कॉलनीत निघून गेले. रविवारी तिथे काम नसतं.

मग कोणासाठी, हे मी आईला विचारलं नाही. भांडी खूप होती.

मंदा


बोईसर
सोमवार, ७ डिसेंबर १९८७

ताई,

थोडक्यात लिहिते.

महिनाभर बाबा घरात फारसं बोलले नाहीत. चर्चमध्ये येतात, पंचांच्या बाकावर बसतात, दारात हात मिळवतात. लोक त्यांच्याशी जास्तच अदबीने बोलतात, ते त्यांना सहन होत नाही हे मला दिसतं. मंगलाबाईंच्या घरी महिनाभर सासू-सुनेचा चहा वेगळा होतो आहे असंही ऐकलं. मी माफी मागायला गेले होते. मंगलाबाई म्हणाल्या, "सूचना माझीच होती ना. बस, चहा घे. इथला पिशील की तिथला?" मी त्यांच्यासमोर जास्त वेळ बसू शकले नाही. त्याचं कारण पुढे कधी तरी लिहीन.

काल पहिला रविवार, प्रभुभोजन होतं. पेला बाबांपर्यंत आला. त्यांनी तो ओठांना न लावता पुढे दिला. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर आधी त्याच्याशी समेट कर, मग ये, हे वचन ते दुसऱ्यांना नेहमी सांगतात. आईने पाहिलं. मंडळीनेही पाहिलं.

जेवताना ते आईला म्हणाले, "नाताळ झाला की तिकडे जाऊन ये."

आई म्हणाली, "मी सांगितलं ना, ते पैसे तुमच्यासाठी नव्हते."

"ते राहू दे. जाऊन ये."

एवढंच झालं. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, मुरब्याचंही नाही. पण 'तिकडे' म्हणाले.

आज मी बाजारात गेले आणि जमनाबाईंना विचारलं, सव्वीस तारखेला आई आली तर चालेल का. त्या बोंबलांच्या जुड्या बांधत होत्या. म्हणाल्या, "चालंल म्हंजे? आजी ती. सांग तिला, रिकाम्या हातानं येऊ नको, आन् भरल्या डोळ्यानं पन येऊ नको. पोर घाबरते." मी विचारलं, नलूताई काय म्हणेल. त्या म्हणाल्या, "ती काय म्हनंल ते आईला म्हनंल. तुला कशाला पायजे?"

मला हवं होतं ते झालं. तरी मला बरं वाटत नाही.

मंदा


बोईसर
शुक्रवार, २५ डिसेंबर १९८७

ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही. उद्या सकाळच्या एस.टी.ने आई येते आहे, तिच्याजवळ देते. तिला वाचता येत नाही, पण यात काय आहे ते तिला माहीत आहे. आधी मुलीला तिच्या मांडीवर दे, तिला चहा दे, आणि मग वाच.

परवा दुपारी आम्ही सारण भरून नेवऱ्या करत होतो. बाबा कामावर होते. मी विचारलं, ती नाणी कोणासाठी होती. दीड महिना मी विचारलं नव्हतं, कारण तू नाहीस आणि बाबा नाहीत म्हटल्यावर आपल्या घरात एकच माणूस उरतं.

आई म्हणाली, "तुझ्यासाठी."

आता मी तुला सांगते. हे मी पावणेतीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

शुक्रवारी, पंधरा मार्चला, तू मला मुरब्याच्या कमलाकांतांबद्दल सांगितलंस. ईस्टर झाल्यावर ते घरी येऊन बाबांशी बोलणार होते, तोवर मी गप्प राहायचं होतं. मी हो म्हटलं. शनिवारी संध्याकाळी मंगलाबाईंच्या घरी तरुण संघाची प्रार्थनासभा होती. प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा, ती मंडळीबाहेर लग्न करणार आहे, देवाने तिला वाट दाखवावी. मुरब्याचं नावसुद्धा घेतलं. मला खरंच वाटत होतं की मी तुझ्यासाठी चांगलं करते आहे. सतराजणांनी डोळे मिटून तुझ्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात एका पंचाने बाबांना विचारलं, "भगवंतराव, थोरलीचं काय ऐकतो आम्ही?" बाबांना काहीच माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर ते नुसते उभे राहिले. दुपारी तू गेलीस.

तू पिशवी भरताना म्हणालीस, "मंगलाबाईंनी मला त्याच्याबरोबर एस.टी. स्टँडवर पाहिलं होतं. त्यांनीच लावलं." मी तुला साड्यांच्या घड्या करून देत होते. तू तसंच समजून गेलीस, आणि मी तुला तसंच समजू दिलं. या वर्षीच्या पहिल्या पत्रातही मी त्यांच्याविषयी एक वाक्य तसंच ठेवलं.

मंगलाबाईंनी कोणालाही सांगितलं नव्हतं. उलट सभा संपल्याबरोबर त्या आईकडे आल्या होत्या आणि म्हणाल्या, "धाकटी बोलून बसलीय. थोरलीला सावध करा, उद्या भगवंतरावांच्या कानावर जाईल." आईने ठरवलं, सकाळी चर्चला जायच्या आधी तुझ्याशी बोलू. पण सकाळी तू फुलं घेऊन लवकर गेलीस. हे सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी विचारलं, "मग मला कधी बोलली का नाहीस?"

ती नेवरीची कड मुडपत होती. म्हणाली, "बोलून काय? तू कासावीस झाली असतीस आणि परत उभी राहून चर्चमध्ये सांगितलं असतंस."

ती नेवरी ताटात ठेवून म्हणाली, "रोज उठलं की तुझा राग यायचा. राग घेऊन पोरीला चहा कसा द्यायचा? म्हणून आधी नाणं टाकायचं, मग चहा ठेवायचा."

मी म्हटलं, "आणि आता?"

"आता डबा तूच घेऊन गेलीस ना. दोन महिने तसाच देते चहा." मग पुढची लाटी घेतली. "बरा होतो का?"

मी म्हटलं, बरा होतो.

मी तिला सांगितलं की बाबांना आजच सांगते, ती नाणी तुमच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. ते बिचारे नऊशे साठ नाण्यांचं ओझं उगाच वाहत आहेत. आई म्हणाली, "मी दोनदा सांगितलं त्यांना. त्यांनी ते घेतलं नाही, त्याअर्थी त्यांचं त्यांना काही माहीत असेल. तू आता थांब. मी पोर बघून येते. मग सांग, आणि एकट्याला सांग. बाक, मंडळी, यादी काही नको."

तेव्हा मी थांबले आहे. सांगितल्यावर बाबा आईला पुन्हा येऊ देतील का, मला माहीत नाही. निदान उद्या ती येते आहे.

काल संध्याकाळी बाबांनी कॉलनीतून मोगऱ्याचं कलम आणलं, दुधाच्या पिशवीत माती भरून. ते दारात ठेवून आईला म्हणाले, "खाऱ्या हवेत जगतं का बघायला सांग." कोणाला सांग ते म्हणाले नाहीत. पाणी दिवसाआड घाल. मुळाशी घालायचं, पानांवर नको.

अर्पण पालघरहून पुढे गेलं. पावती आली, ती मी चर्चच्या फळ्यावर लावली. पावतीवर 'बोईसर मंडळी' एवढंच आहे. मी ती दोनदा वाचली आणि चिटणीसपदाचा राजीनामा लिहून पाळकीणबाईंकडे नेला. त्यांनी तो वाचून परत दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चादर तू धुऊन आण."

आईने स्वतःचा डबा परत मागून घेतला आहे. तुझ्यासाठी मी वेगळा घेतला आहे, बिस्किटांचा, झाकणाची फट मीच पाडली, थोडी वाकडी आली आहे. तुझं नाव मंडळीच्या वहीत राहिलेलं नाही, तिथून काढलं आहे, हे तुला माहीत असेलच. पण या डब्याला वही लागत नाही. माझ्यासाठी नाणं टाकायचं की नाही ते तू ठरव. प्रार्थना करावीशी वाटली नाही तर नुसतं नाणं टाकलंस तरी मी समजेन, आणि काहीच टाकलं नाहीस तरी.

आत पाच पैशांची पन्नास नाणी कागदात बांधून ठेवली आहेत. हल्ली वाण्याकडे सुटे मिळत नाहीत. संपली की जमनाबाईंकडून निरोप पाठव, मी आणखी देईन.

मंदा